चिपवर खापर फोडण्याआधी

वाचकाचं पत्र:

मी कराडला लग्नांचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करते. लॅपटॉप २०२० च्या दिवाळीत घेतला. आय-५, दहावी जनरेशन, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० टीआय ग्राफिक कार्ड. गणपतीपासून एक त्रास सुरू झालाय. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट लावलं की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते, दोन सेकंदांत परत येते आणि प्रीमियर बंद पडलेलं असतं. कधी प्रीव्ह्यूमध्ये रंगीत चौकोन दिसतात. आता तर लॅपटॉप चालू करताना कधी कधी डाव्या बाजूला उभ्या रेघा येतात, अगदी कंपनीचा लोगो दिसतो तेव्हापासूनच. झाकण जरा मागेपुढे केलं की जातातही. दुकानदार म्हणाला, ग्राफिक कार्ड गेलं, मदरबोर्ड बदलावा लागेल, अठ्ठावीस हजार. नाहीतर चार हजारांत चिपला हीट देऊन चालू करून देतो, पण गॅरंटी नाही. भाऊजी म्हणतात नवाच घे. मे महिन्यात ओरिजिनल चार्जरची वायर तुटली म्हणून बाजारातून दुसरा घेतला, तेवढा सोडला तर या लॅपटॉपवर आजवर एक रुपया खर्च झालेला नाही. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. काय करू?

उत्तर:

ताई,

अठ्ठावीस हजारही देऊ नका आणि चार हजारही देऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको. तुमच्या पत्रात मला एक नाही, दोन वेगळे आजार दिसतात. रेघांचा तुमच्या जीटीएक्स कार्डाशी बहुधा काडीचाही संबंध नाही. एक्स्पोर्टच्या वेळी स्क्रीन काळी होते त्यात कार्डावर संशय घ्यायला जागा आहे, पण त्याच्या आधी आणखी तीन-चार जणांची झडती घ्यायची राहिली आहे. दुकानदाराने दोन्ही लक्षणं एकाच निदानात कोंबली आणि सगळ्यात महाग भागाकडे बोट दाखवलं.

कशालाही हात लावण्याआधी लोकांच्या लग्नांचं सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. लॅपटॉपचं काय व्हायचं ते होईल, कुणाच्या सप्तपदीचं शूटिंग परत होणार नाही. त्याच बैठकीत आणखी एक काम उरका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे मालकाच्या नकळत चालू असतं. बोर्ड बदलला, एसएसडी (लॅपटॉपमधली डेटाची डिस्क) दुसऱ्या मशीनला लावली, कधी नुसतं सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या मोजक्या गोष्टींसह चालणाऱ्या अवस्थेत गेलं, तरी विंडोज ती की मागतं. ती नसेल तर एसएसडी शाबूत असूनही आतला डेटा हाती लागत नाही.

आता रेघांकडे येऊ. तुमच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची दोन यंत्रं आहेत. एक इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातलं आणि दुसरं एनव्हीडियाचं, मदरबोर्डवर स्वतंत्र सोल्डर केलेलं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू (म्हणजे ग्राफिक चिप) ० आणि जीपीयू १ असे दोघेही दिसतील. त्या काळातल्या बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये समोरची स्क्रीन तारेने जोडलेली असते ती इंटेलला. एनव्हीडियाची चिप जड काम करते, तयार झालेलं चित्र इंटेलच्या हवाली करते आणि इंटेल ते स्क्रीनवर पाठवतं. एनव्हीडिया या व्यवस्थेला ऑप्टिमस म्हणते. तुमच्या मॉडेलमध्येही असंच आहे का, हे एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमधल्या फिजएक्सच्या पानावर कळतं. कोणता डिस्प्ले कोणत्या चिपला जोडलाय याचं छोटं चित्रच तिथे असतं. स्क्रीन इंटेलखाली दिसली तर लोगोच्या वेळी, म्हणजे विंडोज अजून सुरूही झालेलं नसताना येणाऱ्या रेघा जीटीएक्सच्या नव्हेत. चित्र ज्या वाटेने स्क्रीनपर्यंत जातं त्या वाटेवर ते कार्ड लागतच नाही.

मग रेघा कुणाच्या? झाकण हलवल्यावर जातात, हे तुम्हीच लिहिलंय आणि पत्रातला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे. बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल चार-पाच वर्षांच्या उघडझापीने आतून तुटते किंवा तिचं कनेक्टर सैल होतं. नाहीतर स्क्रीनचं पॅनेलच जायला आलेलं असतं. चिप बिघडली असती तर तिला झाकणाचा कोन कळला नसता.

खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. रेघा दिसत असताना विंडोजची की आणि प्रिंटस्क्रीन दाबून स्क्रीनशॉट घ्या, तो मोबाइलवर पाठवा आणि मोबाइलवरच बघा. त्याच स्क्रीनवर बघाल तर रेघा पुन्हा दिसणारच. स्क्रीनशॉट स्मृतीत तयार झालेल्या चित्राचा निघतो. तो स्वच्छ निघाला तर चित्र नीट तयार होतंय आणि बिघाड त्याच्या पुढे आहे, केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये. दुसरी परीक्षा घरच्या टीव्हीची. एचडीएमआय वायर लावा. टीव्हीवर निर्मळ आणि लॅपटॉपवर रेघा, असं असेल तर निकाल तोच. तिसरी म्हणजे लॅपटॉप चालू करताना एफ२ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानावर जा, तिथेच थांबा आणि झाकण हळूहळू पुढे-मागे करत राहा. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायची सोयच उरत नाही. लॅपटॉप डेलचा असेल तर बंद अवस्थेत डी अक्षराची की दाबून धरून पॉवर दाबा. स्क्रीन स्वतःच लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवते आणि त्यात रेघा आल्या तर दोष पॅनेलकडचा.

स्क्रीनशॉटमध्येही रेघा निघाल्या तर मात्र आधी रॅमकडे बघा. इंटेलच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपची साधी रॅमच वापरतं. रॅमची एखादी पट्टी खराब असली की चित्रात घाण दिसते आणि लोक ग्राफिक कार्डाच्या नावाने बोटं मोडतात. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा तपासा म्हणजे गुन्हेगार कोणती ते कळेल. केबल असो की रॅम, खर्च मदरबोर्डच्या मानाने चिल्लर आहे. पॅनेल बदलावं लागलं तर थोडे जास्त पैसे जातील, तरीही अठ्ठावीस हजारांच्या जवळपाससुद्धा नाही.

एक्स्पोर्टचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. स्क्रीन काळी होऊन दोन सेकंदांनी परत येते, हे ‘दोन सेकंद’ योगायोगाने आलेलं नाही. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी बसवलेला आहे. ग्राफिक चिपला काम दिलं आणि दोन सेकंदांत तिच्याकडून उत्तर आलं नाही, तर तो तिला गचांडी धरून पुन्हा सुरू करतो. त्या वेळी स्क्रीन काळी होते आणि चिपवर चाललेलं काम, म्हणजे तुमचं एक्स्पोर्ट, पाण्यात जातं. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम बघा. ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद आणि सोबत एनव्हीएलडीडीएमकेएम असं न उच्चारता येणारं नाव असेल, तर नेमकं हेच घडलंय. ते नाव एनव्हीडियाच्या ड्रायव्हरचं आहे. नोंदीच्या वेळा एका कागदावर मांडून ठेवा, पुढे उपयोगी पडतील. ४१०१ कुठेच नाही आणि त्याऐवजी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसत असेल तर लॅपटॉप सरळ वीज तुटल्यासारखा बंद पडलेला असतो. तो तपास वेगळ्या दिशेने जातो.

पण ४१०१ ची नोंद म्हणजे चिपचं मृत्यूपत्र नव्हे. चिपने दोन सेकंद उत्तर दिलं नाही एवढंच ती सांगते, का दिलं नाही ते सांगत नाही. ड्रायव्हर बिघडला तरी हेच होतं, चिप तापली तरी हेच, तिला पुरेशी वीज मिळाली नाही तरी हेच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत जाऊन पहारेकऱ्याची मुदत दोनाची दहा सेकंद करा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. निदान चालू असताना ते करू नका, लक्षण तेवढं झाकलं जाईल.

आता तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य. बाजारातून घेतलेला चार्जर. तुम्ही ते खर्चाचा हिशेब म्हणून लिहिलंत, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. १६५० टीआयच्या लॅपटॉपला कंपनी बहुधा १२० वॉट किंवा त्याहून मोठा चार्जर देते. बाजारात पिन बसली की चार्जर चालतो अशी समजूत आहे. तुमच्या नव्या चार्जरच्या लेबलवर आउटपुटसमोर व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतील, त्यांचा गुणाकार करा. १९.५ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर म्हणजे १५० वॉट. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर म्हणजे अवघे ६५ वॉट, आणि तेवढ्यात ऑफिसकामाचा लॅपटॉप चालतो, तुमचा नव्हे. लॅपटॉपच्या पोटाखालच्या लेबलवर त्याला किती व्होल्ट-अँपिअर लागतात ते छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. मे ते गणपती त्रास का झाला नाही, असं विचाराल. लग्नसराई संपल्यावर आषाढ-श्रावणात तुम्ही तासभराचं एक्स्पोर्ट लावलंच नसेल, हे एक. दुसरं असं की चार्जर कमी पडला की लॅपटॉप उरलेली वीज बॅटरीकडून घेतो, आणि पाच वर्षांची बॅटरी अशी ओढाताण किती दिवस सोसणार?

तपासणं सोपं आहे. चार्जर लावलेला ठेवून एक्स्पोर्ट लावा आणि बॅटरीच्या टक्क्यांकडे बघत बसा. चार्जिंग चालू असताना टक्के खाली उतरत असतील तर चार्जर अपुरा आहे, यात शंका ठेवू नका. आपली पिन, आपले व्होल्ट, आणि तेवढे किंवा त्याहून जास्त अँपिअर असलेला कंपनीचा चार्जर कुणाकडून दोन दिवस उसना मिळाला तर उत्तम. पेन्चर झालेल्या चाकावर गाडी ओढत नाही म्हणून इंजिन उतरवायला निघावं, असं तुमच्या बाबतीत होऊ नये.

चार्जर निर्दोष निघाला तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या, सुरू करताना ‘सेन्सर्स’ एवढंच निवडा आणि नोंद ठेवायला लावून एक्स्पोर्ट सुरू करा. ग्राफिक चिप भर कामात ७५ ते ८५ अंशांत असेल तर लॅपटॉपच्या जगात ते रोजचंच, घाबरू नका. प्रश्न असा की काळी स्क्रीन येते तेव्हा आकडा काय असतो? दहा-बारा मिनिटं चढत चढत नव्वदीला टेकतो आणि मग कोसळतो, असं दिसलं तर कूलिंगचा दोष धरा. तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक चिप यांच्या तांब्याच्या नळ्या बहुधा सामाईक आहेत, म्हणजे एकाचा ताप दुसऱ्यालाही चढतो. पाच वर्षांत पंख्याच्या जाळीमागे धुळीचा थर बसतो, चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडू होते. एकदा उघडून पंखे साफ करून नवी पेस्ट लावून घेतली की कित्येक ‘गेलेली’ ग्राफिक कार्डं परत येतात. हे काम तुमच्या गावातला कुणीही बऱ्या हाताचा कारागीर करून देईल. समोर बसून करून घ्या.

उलट, एक्स्पोर्ट सुरू करून मिनिटही झालं नाही, आकडा अजून साठीत आहे आणि तरी स्क्रीन काळी होते, असं असेल तर उष्णतेला क्लीन चिट द्या. मग एकतर ड्रायव्हर, नाहीतर खरोखरच कार्ड.

ड्रायव्हरचा निकाल लावायचा तर तो नुसता अपडेट करून भागत नाही, जुन्याचे अवशेष राहतात. डीडीयू या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर मुळापासून उपटा. इंटरनेट त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मधे स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर घाला, तो जुना दिसला तरी. दोन दिवस काम करून बघा. फरक नाही पडला तर एनव्हीडियाचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घालून बघा, तो एडिटिंगवाल्यांसाठीच काढलेला आहे.

प्रीव्ह्यूमधल्या रंगीत चौकोनांबद्दल एक गोष्ट नीट बघून ठेवा. ते चौकोन फक्त प्रीमियरच्या प्रीव्ह्यूमध्येच येतात की टास्कबारवर, डेस्कटॉपवरही? आणि प्रीव्ह्यूमध्ये येतात ते दर वेळी क्लिपच्या त्याच सेकंदाला, की कुठेही? त्याच सेकंदाला येत असतील तर ती फाइलच खराब आहे. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड जायला लागलं की असे चौकोन फुटेजमध्येच भरले जातात. तीच क्लिप मोबाइलवर चालवून बघितली तर लगेच कळेल. दर वेळी नव्या जागी येत असतील तर मात्र मला ते आवडलेलं नाही. तो ग्राफिक कार्डाच्या मेमरीचा वास आहे.

त्या मेमरीची परीक्षा घेता येते. ओसीसीटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची चाचणी आहे, ती चुका मोजून दाखवते. अर्धा तास चालवा. कार्ड कंपनीच्या ठरल्या वेगावर असताना शून्याखेरीज कोणताही आकडा आला तर मेमरी किंवा चिप दोषी. त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नरने फक्त मेमरीचा वेग थोडा उतरवून तीच चाचणी पुन्हा लावा. चुका नाहीशा झाल्या तर मेमरीचाच एखादा दाणा कमजोर झालाय असं समजायला हरकत नाही. फरमार्क नावाचं गोल केसाळ चित्र फिरवणारं साधन सगळे सुचवतात. ते चिपवर इतका अघोरी ताण टाकतं की आजारी लॅपटॉपवर मी ते पाच-दहा मिनिटांच्या वर चालवू देणार नाही, आणि तेही तापमानावर डोळा ठेवून.

आणखी एक परीक्षा तुमच्या कामातलीच. प्रीमियरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडररच्या जागी क्युडा, म्हणजे एनव्हीडियाच्या चिपवर काम टाकण्याची पद्धत असेल, तिथे ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करा आणि तेच लग्न एक्स्पोर्ट करा. रात्रभर लागेल, लागू दे. सॉफ्टवेअरवर तीनदा बिनबोभाट झालं आणि क्युडावर तीनदा कोसळलं, तर भांडण जीटीएक्स आणि तिच्या ड्रायव्हरपुरतंच आहे हे सिद्ध झालं. सॉफ्टवेअरवरही कोसळलं तर पुन्हा रॅम, प्रोसेसरची उष्णता आणि चार्जर यांच्याकडे वळा.

आणि एवढ्या सगळ्यानंतर दोष खरंच चिपचा निघाला तर? ड्रायव्हर मुळापासून बदलून, हवं तर विंडोज नव्याने टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएक्सच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ कायम राहतो. किंवा लॅपटॉप थंड असताना कार्ड दिसतं आणि तापला की यादीतूनच गायब होतं. किंवा व्हीरॅमच्या चाचणीत चुका येतच राहतात. यातलं काही निघालं तर दुकानदाराचं बोलणं निम्मं खरं ठरलं, आणि मग त्याच्या चार हजारांच्या प्रस्तावाबद्दल बोलायला हवं.

चिपला हीट देणं हा प्रकार आपल्याकडे रुजला तो २००८ च्या सुमाराच्या लॅपटॉपमुळे. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हीडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही चिपच्या आत वापरलेलं पॅकेजिंगचं सामान कमकुवत निघालं, आणि दुरुस्त्यांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲपलच्या २००७-०८ च्या मॅकबुक प्रोमधली ८६०० एम जीटी चिप त्याच प्रकरणातली. पुढे ॲपलच्याच २०११ च्या मॅकबुक प्रोमध्ये, या वेळी एएमडीच्या चिपसह, चित्र फाटणं आणि आपोआप रीस्टार्ट होणं सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली. अशा चिपना हॉट एअरने तापवलं की मेलेला लॅपटॉप जिवंत व्हायचा. त्यामागचं कारण समजून घ्या. ग्राफिक चिप म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, तो एका छोट्या हिरव्या पट्टीवर अतिसूक्ष्म जोडांनी बसवलेला, आणि ती पट्टी खाली मदरबोर्डवर सोल्डरच्या मोठ्या गोळ्यांनी बसवलेली. रोज तापणं आणि निवणं यामुळे वरच्या सूक्ष्म जोडांना चिरा जातात. हीट दिली की धातू फुगतो, चिरेची दोन टोकं तात्पुरती टेकतात, चित्र येतं. जोड काही सांधलेला नसतो. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मूळपदावर. रीबॉलिंग करून देतो म्हणणारे खालचे मोठे गोळे बदलतात. चीर वरच्या जोडांत असेल तर त्या मेहनतीचा उपयोग नाही, आणि ते करतानाही चिपला पुन्हा तापवावंच लागतं. म्हणून ‘गॅरंटी नाही’ हे तुमच्या दुकानदाराचं वाक्य प्रामाणिक आहे, एवढं श्रेय त्याला द्या. ऐन सीझनमध्ये मात्र त्या वाक्याच्या भरवशावर काम घेऊ नका.

खरी दुरुस्ती म्हणजे नवी चिप, किंवा मेमरीचा दाणा खराब असेल तर तेवढा एकच दाणा बदलणं. तुमच्या कार्डाच्या ४ जीबी मेमरीचे सहसा चार दाणे असतात. त्यातला नेमका कोणता गेलाय हे शोधण्याची साधनं चांगल्या चिप-लेव्हल कारागिरांकडे असतात. पुण्याला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणं झालं तर असा माणूस शोधा आणि त्याला तीनच गोष्टी विचारा. चिप गेली की मेमरी, हे तुम्ही कशावरून ठरवलं? चिपच्या पुरवठ्याची व्होल्टेज मोजली का? आणि बदललेला भाग मला परत देणार का? पहिल्या प्रश्नावर तो चिडला तर पुढच्या दुकानात जा. मदरबोर्डच बदलायचा म्हणाला तर तो नवा आहे की दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला, हे बिलावर लिहून घ्या. पाच वर्षांच्या लॅपटॉपसाठी अठ्ठावीस हजारांचा काढलेला बोर्ड, हा सौदा मी तरी करणार नाही. विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, तेही नव्याने जोडावं लागेल.

लॅपटॉप कुठेही ठेवून यायचा असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा. कारागिराला तपासायला स्वतःची एसएसडी किंवा पेनड्राइव्ह पुरतो. लोकांच्या घरचे व्हिडिओ आहेत त्यात.

आणि भाऊजींना सांगा, नवा घ्यायची घाई नाही. जीटीएक्स खरंच गेली असेल आणि लॅपटॉप चालू होत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. समोरची स्क्रीन इंटेलवर असेल तर लॅपटॉप चालत राहील. फक्त एचडीएमआयचं तोंड काही मॉडेलमध्ये एनव्हीडियाला जोडलेलं असतं, तसं असेल तर बाहेरचा मॉनिटर बंद पडेल. तुमच्या आय-५ मधल्या इंटेल ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय आहे, प्रीमियर तिच्या जोरावर एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटचं एक्स्पोर्ट हार्डवेअरवर करतं. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘हार्डवेअर एन्कोडिंग’ निवडलेलं ठेवा. जड इफेक्ट आणि कलर करेक्शन रांगत चालेल, म्हणून फोर-के फुटेजच्या आधी प्रॉक्सी फाइल, म्हणजे हलक्या नकला करून त्यांवर एडिटिंग करा आणि एक्स्पोर्ट रात्री लावून झोपा. ग्राहकांना डिलिव्हरीची तारीख चार दिवस पुढची द्या. मार्गशीर्षापर्यंतची कामं एवढ्यावर निघतील.